ईजीआर बदलण्याआधी: व्हॅक्यूमवर चालणारे व्हॉल्व्ह घरी कसे तपासायचे

दोन वर्षांपूर्वी खंबाटकी घाटात आमच्या जुन्या डिझेल गाडीचा पिकअप एकदम गेला. एरवी तिसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी दुसऱ्यातही रडायला लागली, मागे काळा धूर सुटला आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर कोड आला पी०४०१, म्हणजे ईजीआरमधून (सायलेन्सरकडे निघालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) पुरेसा वायू वाहत नाही. ‘ईजीआर व्हॉल्व्ह गेला’ असं सांगण्यात आलं. नवा व्हॉल्व्ह बसवून घेतला. आठव्या दिवशी दिवा परत लागला.

खरी खोट निघाली बॅटरीच्या ट्रेखाली. बोटाएवढ्या लांबीचा एक रबरी एल्बो, म्हणजे नळ्या जोडणारा वाकडा तुकडा, खालच्या बाजूने तडकला होता. वरून तो अगदी धडधाकट दिसायचा. त्या चिरेतून हवा आत शिरायची, त्यामुळे ईजीआरला उघडायला जोर मिळत नव्हता. त्याच लाईनवर असलेल्या, टर्बोचा जोर कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅक्चुएटरलाही तो मिळत नव्हता, म्हणून घाटात दम जात होता. पार्टला हात लावण्याआधी व्हॅक्यूम कुठून निघतो आणि कुठपर्यंत पोचतो एवढं कुणी पाहिलं असतं, तर एक चांगला व्हॉल्व्ह काढून टाकायची वेळ आली नसती. तपासणीची ती पद्धत मी पुढे शिकून घेतली. पाना हातात धरायची सवय असलेल्या कुणालाही ती जमते.

१. आधी हे समजून घ्या

पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद असताना पिस्टन हवा ओढतात, पण ती पुरेशी मिळत नाही. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलेंडरांना हवा पोचवणाऱ्या पाईपात, बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी होतो. हाच व्हॅक्यूम. डिझेलला हवा अडवणारा तसा थ्रॉटल नसतो. काही गाड्यांत फ्लॅप असतो, पण त्याचं काम वेगळं. म्हणून डिझेलला स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या कित्येक जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो, काहींत कॅमशाफ्टवर चालतो.

हा व्हॅक्यूम बारीक नळ्यांमधून सोलेनॉइडकडे, म्हणजे विजेवर उघडबंद होणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हकडे जातो. ईसीएमच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या सांगण्याप्रमाणे सोलेनॉइड तो व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या डबीत सोडतो. डबीत रबरी पडदा असतो, त्याला आपण डायफ्राम म्हणतो. व्हॅक्यूम आला की पडदा वर खेचला जातो, त्याला जोडलेली दांडी उचलली जाते आणि व्हॉल्व्ह उघडतो.

ईजीआर उघडला की सायलेन्सरकडे निघालेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात येतो. त्यात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे सिलेंडरमधलं कमाल तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. उन्हात शहरावर साचणाऱ्या धुरक्याला आणि दम्याच्या त्रासाला हे वायू हातभार लावतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ब्रेक बूस्टरही याच व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन सुरू असताना ब्रेक दगडासारखा घट्ट लागत असेल, तर प्रदूषणाचा विचार नंतर करा. ती गाडी रस्त्यावर काढू नका.

२. काय काय जवळ हवं

- गेजसकट हाताने दाबायचा व्हॅक्यूम पंप. ब्रेकचं ऑइल बदलायला वापरतात तोच. पुण्यात नाना पेठेत मिळतो, ऑनलाइनही मिळतो.
- ३, ४ आणि ६ मिलिमीटर आतल्या व्यासाचे होजचे तुकडे, दोन-तीन टी-जॉइंट, तोंड बंद करायला रबरी बुचं
- मल्टीमीटर, चांगली टॉर्च, लांब दांडीचा छोटा आरसा
- मास्किंग टेप आणि मार्कर
- हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि काजळी काढायची असेल तर मास्क
- तुमच्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलं व्हॅक्यूम लाईनचं पान. काही गाड्यांत बॉनेटच्या आत स्टिकरवर ही आकृती असते, ती आधी शोधा.
- आरसीची प्रत. पार्ट घ्यायची वेळ आली तर चासी नंबर लागतो. एकाच मॉडेलच्या बीएस-३ आणि बीएस-४ गाड्यांत व्हॉल्व्ह वेगळे असू शकतात आणि नुसतं नाव सांगून आणलेला पार्ट बऱ्याचदा परत करावा लागतो.

गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काही करू नका, सरळ सर्व्हिस सेंटरला न्या.

पंप आणला की आधी त्याचीच परीक्षा घ्या. तोंडावर बोट दाबून धरा आणि गेजवर पाऱ्याच्या ५०० मिलिमीटरपर्यंत खेचा. काटा मिनिटभर जागचा हलता कामा नये. स्वस्त पंपांचे जोड कधीकधी गळके असतात, मग गाडीतला प्रत्येक पार्ट खराब वाटायला लागतो.

गेजवरचं माप कुठलं आहे तेही पाहून घ्या. कुठे पाऱ्याचे मिलिमीटर असतात, कुठे इंच, कुठे किलोपास्कल. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि १०० किलोपास्कल म्हणजे ७५० मिलिमीटर.

३. सुरक्षेचं थोडक्यात

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. इंजिन चालू ठेवून करायच्या चाचण्या बेसमेंट पार्किंगमध्ये करू नका, तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू शकतो. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी सांभाळा. ईजीआरचा धातूचा पाईप प्रचंड तापतो, त्याला उघड्या हाताने शिवू नका.

४. फोटो काढा, मग नळ्या पाहा

एकही नळी काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना टेप लावून त्यावर क्रमांक लिहा. सोलेनॉइडच्या दोन नळ्यांची अदलाबदल झाली की व्हॉल्व्ह चालत नाही आणि आपण भलतीकडे शोधत बसतो. नवख्या माणसाकडून होणारी सगळ्यात मोठी चूक हीच.

आता प्रत्येक नळी बोटांनी चाचपा. रबर कडक झालं आहे का? टोकाशी भेगा आहेत का? दाबली की चिकट लागते का? खालची बाजू आरशाने पाहा, कारण आमची चीर खालीच होती. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर बॉनेटमध्ये ऊब शोधत येतात आणि नळ्या कुरतडतात. बारीक दातांच्या खुणा किंवा लेंड्या दिसल्या तर सगळ्या लाईनी शेवटपर्यंत तपासा.

फक्त टोक सैल झालं असेल आणि नळीला लांबी असेल, तर एक सेंटिमीटर कापून परत बसवली तरी चालते. मधे चीर असेल तर नळी बदला. टेप गुंडाळून भागवू नका, इंजिनच्या उष्णतेने तो आठवड्यात सुटतो. डिझेलमध्ये व्हॅक्यूम पंपाकडून थोडी ऑइलची वाफ नळीत येते. साधी सिलिकॉनची नळी ऑइलने फुगते, म्हणून तिथे ऑइल सोसणारी रबरी नळीच घ्या.

५. उगमापाशी व्हॅक्यूम मोजा

डिझेलमध्ये पंपाकडून निघणाऱ्या लाईनमध्ये टी-जॉइंट घालून गेज लावा आणि इंजिन आयडलिंगला ठेवा. काटा काही सेकंदांत चढून एका जागी स्थिरावला पाहिजे. समुद्रसपाटीला चांगला पंप ६५० मिलिमीटरच्या आसपास खेचतो.

इथे गाव कुठलं आहे याने फरक पडतो, आणि हे फार कमी लोक सांगतात. समुद्रसपाटीला हवेचा दाबच ७६० मिलिमीटर असतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे तो ७१० च्या आसपास येतो. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, ६४५ च्या जवळ. म्हणजे मुंबईत ६५० दाखवणारी गाडी पुण्यात ६०० दाखवेल, आणि त्यात बिघाड काही नाही. महाबळेश्वरला तर ६५० येणं शक्यच नाही.

पेट्रोल गाडीत मॅनिफोल्डच्या नळीवर गेज लावा. इंजिन गरम आणि एसी बंद असताना आयडलिंगला समुद्रसपाटीजवळ ४३० ते ५३० मिलिमीटरच्या दरम्यान स्थिर काटा हवा. काटा स्थिर पण खाली असेल तर कुठेतरी हवा शिरते आहे किंवा टायमिंग मागे आहे. एका लयीत झटके देत असेल तर एखाद्या सिलेंडरचा टप्पेट किंवा व्हॉल्व्ह बघावा लागेल. ते काम या लेखाबाहेरचं.

याच वेळी बूस्टरची चाचणी उरका. इंजिन बंद करून पाच-सहा वेळा ब्रेक दाबा, पॅडल घट्ट होईल. ते दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पॅडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो आहे.

६. गळती कुठे आहे ते शोधा

उगमाशी व्हॅक्यूम चांगला, पण व्हॉल्व्हपाशी पोचत नाही, अशी स्थिती असेल तर घाई न करता ही पायरी करा. माझ्या अनुभवात निम्मं काम इथेच संपतं.

इंजिन बंद करा. मुख्य लाईन जिथे फुटते तिथून एकेक फांदी सोडवा आणि त्या फांदीला हातातला पंप लावून ४०० मिलिमीटरपर्यंत खेचा. काटा टिकला तर ती फांदी निर्दोष. पडला तर त्याच फांदीवर पुढे सरका. मधला जोड सोडवा, पुढचं तोंड बुचाने बंद करा, परत खेचा. आता टिकला तर गळती बुचाच्या पलीकडे आहे, पडला तर अलीकडे. असं अर्धं-अर्धं करत गेलात की तीन-चार खेपांत नेमका तुकडा हाती येतो. आमचा एल्बो असाच सापडला.

वाटेत नळीत बसवलेली छोटी प्लास्टिकची डबी दिसली तर तो बहुधा एकेरी व्हॉल्व्ह असतो. तो एका बाजूने हवा जाऊ देतो, दुसऱ्या बाजूने अडवतो. पंप एकदा या तोंडाला, एकदा त्या तोंडाला लावा. एकीकडे काटा टिकला पाहिजे, दुसरीकडे पडला पाहिजे. दोन्हीकडे पडला तर तो निकामी. परत बसवताना बाण किंवा रंगाची बाजू फोटोशी ताडून घ्या.

७. ईजीआरचा डायफ्राम तपासा

इंजिन बंद आणि थंड. ईजीआरच्या डोक्यावरची नळी काढून तिथे पंप लावा आणि हळूहळू खेचा. टॉर्चने दांडीकडे पाहत राहा. बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये ती खालच्या फटीतून दिसते.

काटा टिकला, दांडी उचलली आणि पंपाची हवा सोडताच ती टपकन खाली बसली, म्हणजे यांत्रिक बाजू ठीक. काटा चढतच नाही किंवा लगेच पडतो, म्हणजे पडदा फाटला. हे दुरुस्त होत नाही, व्हॉल्व्ह बदलावा लागतो. काटा टिकतो पण दांडी हलत नाही किंवा अर्ध्यावर अडकते, म्हणजे काजळीने जाम. असा व्हॉल्व्ह साफ करून वाचू शकतो.

एक अपवाद मात्र माहीत असू द्या. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत, विशेषतः अमेरिकन बनावटीच्या, सायलेन्सरच्या उलट्या दाबावर चालणारे ईजीआर असतात. त्यातल्या एका प्रकारात इंजिन बंद असताना पडद्यातलं बारीक भोक उघडंच असतं, त्यामुळे व्हॅक्यूम टिकतच नाही. चांगला असूनही तो या चाचणीत नापास होतो. परदेशात जुनी गाडी घेऊन स्वतः दुरुस्त करणाऱ्या मराठी मंडळींनी ‘टिकत नाही म्हणजे फाटला’ असं मानण्याआधी मॅन्युअलमध्ये व्हॉल्व्हचा प्रकार पाहावा.

८. आता इंजिन चालू ठेवून

इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा आणि हातातल्या पंपाने ईजीआर उघडा. पेट्रोल इंजिन लगेच थरथरायला हवं, बंद पडलं तरी चांगलंच. व्हॉल्व्ह उघडूनही काहीच फरक पडला नाही, तर वायूची वाट काजळीने बुजली आहे.

डिझेलमध्ये एवढा गाजावाजा होत नाही, कारण सिलेंडरमध्ये मुळातच जास्तीची हवा असते. आवाज जरा बदलतो, थोडा दबका होतो, आयडलिंग किंचित हलतं. दोन-तीनदा उघडझाप करून कान देऊन ऐका. फरक कळायला एखादा सोबती घ्या. एकाने पंप दाबायचा, दुसऱ्याने ऐकायचं.

आयडलिंग आधीपासूनच खडबडीत असेल, धूर असेल आणि ईजीआर पंपाने उघडून काही बदलत नसेल, तर तो उघड्याच अवस्थेत अडकलेला असू शकतो.

आणखी एक फसवणारी गोष्ट सांगतो. नळी काढून बोट लावलं आणि व्हॅक्यूम लागला नाही, म्हणून सोलेनॉइडला दोष देऊ नका. पेट्रोल गाडीत आयडलिंगला आणि थंड इंजिनात ईजीआर बंदच ठेवतात. अनेक डिझेल गाड्यांत काही मिनिटं आयडलिंग झालं की ईसीएम तो स्वतःहून बंद करतो. म्हणून इंजिन गरम झाल्यावर, कुणाला तरी दोन हजार आरपीएमच्या आसपास रेस द्यायला सांगून मोजा.

९. सोलेनॉइड

बहुतेकांना तीन वाटा असतात. एक पंपाकडून येणारी, एक व्हॉल्व्हकडे जाणारी आणि एक बाहेरच्या हवेची, तिच्यावर छोटी जाळी किंवा स्पंजचा फिल्टर.

कनेक्टर काढा आणि मल्टीमीटरने दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. बऱ्याच सोलेनॉइडचा तो १० ते ५० ओहममध्ये कुठेतरी येतो, नेमका आकडा मॅन्युअलमधला धरा. शून्य आला तर कॉइल शॉर्ट, अनंत आला तर तुटलेली.

मग हवेची चाचणी. वीज नसताना पंपाकडची वाट बंद असते आणि व्हॉल्व्हकडची वाट बाहेरच्या हवेला जोडलेली असते. बारा व्होल्ट दिल्यावर पंपाकडची वाट व्हॉल्व्हला जोडली गेली पाहिजे आणि ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. बॅटरीतून थेट वायर देताना मधे छोटा फ्यूज घाला आणि प्लस-मायनस मॅन्युअलप्रमाणेच द्या. काहींच्या आत डायोड असतो, तो उलट्या जोडणीने जळतो. वीज काही सेकंदच द्या.

बाहेरच्या हवेचा तो फिल्टर विसरू नका. धूळ आणि ऑइलने तो बुजला की व्हॉल्व्हमधला व्हॅक्यूम सुटायला वाट राहत नाही, ईजीआर उघडाच राहतो आणि गाडी धूर ओकते.

१०. पेट्रोलवाल्यांसाठी आणखी दोन

पर्ज व्हॉल्व्ह: पेट्रोलच्या टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि या व्हॉल्व्हमधून इंजिनात ओढली जाते. वीज नसताना तो बंद असतो, त्यामुळे मॅनिफोल्डच्या बाजूने पंप लावला तर काटा टिकायला हवा. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल तर याच्याकडे आधी बघा.

पीसीव्ही: इंजिनच्या तळाशी साचणारे वायू परत इनटेकमध्ये ओढू देणारा छोटा व्हॉल्व्ह. बाहेर काढून हलवा, आत खुळखुळ वाजली पाहिजे. इंजिन चालू असताना तोंडावर बोट ठेवलं की ओढ जाणवली पाहिजे. हा पार्ट स्वस्त आहे. शंका असेल तर साफ करत न बसता बदलून टाका.

११. काजळी काढताना

ईजीआर उघड्यावर साफ करा. मास्क लावा, ही काजळी फुप्फुसात जाण्यासारखी नाही. क्लीनरचा फवारा वायूच्या वाटेतच मारा, पडद्याच्या डबीकडे जाऊ देऊ नका, रबर खराब होतं. स्क्रू ड्रायव्हरने सीट खरवडू नका, नायलॉनचा ब्रश वापरा. व्हॉल्व्ह काढल्यावर मॅनिफोल्डचं तोंड स्वच्छ कापडाने झाका, पण झाकलं आहे हे टेपवर लिहून स्टिअरिंगला चिकटवा. बसवताना गॅस्केट नवीनच घाला.

१२. ‘पत्रा मारून टाका’ हा सल्ला

तो तुम्हाला मिळेलच: ईजीआरच्या मधे पत्रा घाला, कटकट संपेल. कृपया करू नका. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजतात, पेट्रोलच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. त्यामुळे पत्रा मारलेली गाडी पीयूसी आरामात पास होते, पण सिग्नलवर तुमच्या मागे दुचाकीवर बसलेलं पोर ती हवा घेत असतं. प्रदूषणाच्या मर्यादा ठरवणारा नियम, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११५ वा, गाडी रस्त्यावर आहे तोवर लागू आहे. शिवाय ज्या गाड्यांत ईसीएम वायूचा प्रवाह तपासतो, तिथे पत्रा मारला की पी०४०१ चा दिवा पुन्हा येतो.

१३. शेवटी कोड पुसा आणि गाडी चालवून पाहा

नळ्या फोटोशी ताडून बसवा. स्कॅनरने कोड पुसा. पी०४०१ म्हणजे वायू कमी, पी०४०२ म्हणजे जास्त, पी०४०३ म्हणजे वायरिंग किंवा सोलेनॉइडचं सर्किट. पी०४०३ परत आला तर नळ्यांमागे न लागता कनेक्टरच्या पिना पाहा.

थोडा चढ, थोडा सपाट रस्ता मिळेल अशी तीस-चाळीस किलोमीटरची फेरी मारा. ईसीएमला स्वतःची तपासणी पुरी करायला वेगवेगळ्या परिस्थितीत चालवणं लागतं, त्यामुळे दिवा पहिल्याच दिवशी आला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, आठवडाभर लक्ष ठेवा. उगमापाशी मोजलेला आकडा, तारीख आणि किलोमीटर सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच गावात मोजाल तेव्हा ताडून पाहायला तोच आकडा हाताशी असेल.